पैसे गेले, आता पहिल्या तासात काय करायचं?

तासगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, असलं सगळं. गेल्या फेब्रुवारीत, बेदाण्याचा हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी सहाच्या सुमारास ओळखीचे एक काका शेडवरून थेट दुकानात आले. फोन काउंटरवर ठेवला. काचेवर डिपिंग ऑइलचा (बेदाण्याची द्राक्षं ज्यात बुडवतात त्या तेलाचा) चिकट थर. अंगठा लावला तर फोन उघडेना. शर्टाला दोनदा पुसून शेवटी पिन टाकला आणि हळूच म्हणाले, "ह्यातनं काहीतरी गेलंय बघ. पोराला यातलं काय सांगू नकोस."

गेले होते एक लाख अठ्ठावीस हजार. पन्नास, पन्नास आणि अठ्ठावीस, असे तीनदा. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली होती. गाडीला दंड बसलाय की काय म्हणून त्यांनी ती उघडली, 'इन्स्टॉल' वर बोट ठेवलं आणि पुन्हा कामाला लागले. पहिला मेसेज सकाळी ११ वाजून ४ मिनिटांचा होता. दुपारी एका बँकेच्या शाखेत जाऊन आले, तिथे "साहेब रजेवर आहेत, उद्या या" एवढंच ऐकलं. उरलेला वेळ शेडवर गप्प बसून काढला. ११ ते ६, सात तास.

चोराने जे नेलं ते नेलंच, पण खरा घात त्या सात तासांनी केला. म्हणून फसू नये कसं यापेक्षा फसल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमाने, यावर हा लेख जास्त आहे.

आधी आकडे, थोडक्यात

राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं. २०२२ मध्ये त्यावर १०.२९ लाख तक्रारी होत्या, २०२३ मध्ये १५.९६ लाख, २०२४ मध्ये २२.६८ लाख. पैशांचा आकडा याहून जोरात पळतो. २०२३ मध्ये लोकांनी ७,४६५ कोटी गमावले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तक्रारी दीडपटीच्या आत वाढल्या आणि रक्कम तिप्पट झाली. म्हणजे चोर आता दहा जणांचे हजार-हजार गोळा करत बसत नाही, एकाच घरातली भरलेली कणगी शोधतो.

जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांचे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राचे आकडे बघा. खोट्या शेअर ट्रेडिंगच्या २०,०४३ तक्रारी, रक्कम १,४२० कोटी. भागाकार केला तर माणशी सात लाखांच्या वर. 'डिजिटल अरेस्ट'च्या (खोटा पोलिस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतो त्या फसवणुकीच्या) ४,५९९ तक्रारी आणि १२० कोटी, म्हणजे माणशी अडीच लाखांच्या वर. अमेरिकेतही तीच गत. तिथे एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे २०२४ मध्ये ८,५९,५३२ तक्रारी आल्या, १,६६० कोटी डॉलर गेले, आणि सगळ्यात मोठा वाटा गुंतवणुकीच्या फसवणुकीचा होता.

हे सगळे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आहेत. "पोराला सांगू नकोस" म्हणणारे यात नाहीत. माझ्या दुकानात येऊन गुपचूप विचारून जाणाऱ्यांपैकी निम्मे तरी तक्रार न करताच घरी जातात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपला पैसा एकदम येतो. उसाचं बिल, द्राक्षाचा चेक, बेदाण्याच्या सौद्याची पट्टी. चार दिवस खात्यात आठ-दहा लाख पडून असतात. माल उचलून पसार होणारे दलाल तासगावकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. हाही तसाच दलाल, फक्त याचा ट्रक बागेत येत नाही.

पहिली पाच मिनिटं: फोनचं तोंड बंद करा

फाइल किंवा ॲप टाकल्यामुळे पैसे गेले असतील तर तो फोन चोराच्या हातात आहे असंच धरा. आलेला प्रत्येक ओटीपी तो वाचतोय. तेव्हा:

फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे का बघा.

सिम काढून घरातल्या साध्या, बटणाच्या फोनमध्ये घाला. पुढच्या सगळ्या तक्रारींना याच नंबरवर ओटीपी येणार आहे आणि बटणाच्या फोनमध्ये ती फाइल नाही. आमच्या काकांना त्यांच्या आईचा जुना फोन कामाला आला. त्यावरून ##००२# डायल केलं की कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर तेही बंद होतात.

फाइल डिलीट करू नका. फोन रिसेट तर अजिबात करू नका. भाचा-पुतण्या हौसेने "थांबा, फॉरमॅट मारतो" म्हणेल, त्याला चहा आणायला पाठवा. तो फोन पुरावा आहे. दुसऱ्या फोनने त्या चॅटचे, फाइलच्या नावाचे आणि समोरच्या नंबरचे फोटो काढून ठेवा.

पैसे ओटीपी सांगून, क्यूआर स्कॅन करून किंवा स्वतःच्या हाताने पाठवून गेले असतील तर सिम काढायची गरज नाही. थेट पुढे चला.

मग १९३०

बँकेच्या आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. लोक याच्या उलट करतात. कारण समजून घ्या.

तुमचे पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. तिथून तुकडे होऊन चार खात्यांत, तिथून आणखी दहा खात्यांत जातात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघतात. तुमची बँक फक्त तुमचं खातं बंद करू शकते, पुढचा माग तिच्या हातात नसतो. १९३० वरचा माणूस तुमची माहिती अशा यंत्रणेत भरतो जिला बँका जोडलेल्या आहेत. पैसा ज्या बँकेत पोहोचलाय तिला निरोप जातो. तिथे रक्कम असेल तर ती रोखली जाते, पुढे गेली असेल तर निरोपही पुढच्या बँकेकडे जातो. पळणाऱ्या पैशामागे पळणारा निरोप, एवढाच हा खेळ आहे. जुलै २०२५ पर्यंत या यंत्रणेने १७.८२ लाख तक्रारींत मिळून ५,४८९ कोटी वाचवले. २०२४ या एका वर्षाचा तोटा वर दिलाय, त्यावरून किती निरोप उशिरा निघाले असतील ते कळतं.

फोन लावण्याआधी कागदावर हे लिहून घ्या: खातेदाराचं नाव, बँक आणि शाखा, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक. सगळा जीव त्या व्यवहार क्रमांकात आहे. यूपीआय आणि आयएमपीएसचा १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. फोनपे, गूगल पेमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. काकांच्या बाबतीत चोराने नेट बँकिंग वापरलं होतं, तेव्हा बँकेच्या मेसेजमधून काढला. लिहिल्यावर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. एक अंक चुकला तर निरोप भलत्याच खात्याच्या मागे लागतो.

लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नका. एकजण फोन लावत राहू दे, दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन उघडावं. तक्रार घेतली की तुमच्या नंबरवर पोच क्रमांक येतो. तो वहीत लिहा, कारण पुढे बँक, पोलिस आणि कोर्ट तिघेही पहिला प्रश्न तोच विचारतात. फोनवर तक्रार दिली असली तरी २४ तासांच्या आत पोर्टलवर सविस्तर माहिती भरून ती पुरी करायची असते. इथे बरेच जण थांबतात आणि तक्रार अर्धवट राहते.

पोर्टलवर वर्णनाला किमान २०० अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत. रुपयाचं चिन्ह घातलं की फॉर्म अडतो. दुकानात आम्ही साधारण असं लिहितो:

"दिनांक अमुक रोजी सकाळी १०.५० च्या सुमारास अमुक नंबरवरून माझ्या व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान नावाची फाइल आली. ती उघडल्यानंतर ११.०४ ते ११.१९ या वेळेत माझ्या अमुक खात्यातून माझ्या संमतीशिवाय तीन व्यवहार झाले. मी कोणालाही ओटीपी, पिन किंवा पासवर्ड सांगितलेला नाही. तिन्ही व्यवहार क्रमांक खाली देत आहे."

शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. ओटीपी सांगितला असेल तर कोणाला, कोणत्या नंबरवर, किती वाजता, ते सरळ लिहा. पण "माझ्याच मूर्खपणामुळे" असली वाक्यं घालू नका. अर्जात घडलेलं लिहायचं, पश्चात्ताप नाही.

बँक: नंबर पासबुकावरून घ्या, गूगलवरून नको

१९३० झालं की लगेच बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. नंबर एटीएम कार्डाच्या पाठीवरचा किंवा पासबुकावरचा घ्या. 'कस्टमर केअर नंबर' असं गूगलवर शोधून खोट्या नंबरला फोन लावणारे आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा लुटले गेलेले लोक मी पाहिलेत. बँकेची वेबसाइट उघडायची असेल तर पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर यायला सांगितलं होतं.

मग शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय हलू नका. शाखा बंद असेल तर ईमेल करा, त्यावर वेळ आपोआप पडते.

हा शिक्का इतका मोलाचा का, तर ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्याच कोणीतरी घात केला, आणि तुम्ही व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच भार येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत तुमच्या माथी, साध्या बचत खात्याला १० हजारांपर्यंत. तुम्ही ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी घाईने कळवण्यात फायदाच आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणं बँकेचं काम आहे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, असंही त्यात आहे. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. अर्जातच परिपत्रकाची तारीख लिहून टाका, बोलण्याचा सूर बदलतो.

सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. पतसंस्थेची गोष्ट मात्र वेगळी. ती बँक नाही, तिच्यावर सहकार खात्याचा अंमल असतो, रिझर्व्ह बँकेचा हा नियम तिला लागत नाही. आपल्या जिल्ह्यात हा फरक अनेकांना पैसे गेल्यावर कळतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पोलिस ठाणं

पोर्टलवरची तक्रार म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. रक्कम मोठी असेल तर जवळच्या ठाण्यात किंवा सांगलीच्या सायबर पोलिस ठाण्यात जावं लागतं. "ही आमची हद्द नाही" असं ऐकू आलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चं नाव शांतपणे घ्या. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची तरतूद त्यात आहे. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ड. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, त्यामुळे ठाण्यात निरीक्षक आहेत का हे फोन करून विचारा, एक हेलपाटा वाचेल.

बरोबर न्या: पोच क्रमांकाची प्रिंट, शिक्का मारलेला बँकेचा खातेउतारा, बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत, स्क्रीनशॉटचे छापील कागद, ओळखपत्र आणि तो फोन, चार्जरसकट. चार्ज संपलेला फोन दाखवणारे रोज येत असतील.

अडकलेले पैसे आपोआप येत नाहीत

काकांचे १९ हजार तिसऱ्या फेरीतल्या एका खात्यात अडकले. एक लाख अठ्ठाविसातले एकोणीस. ते गोठले म्हणजे परत आले असं त्यांना वाटलं होतं. तसं नसतं. रोखलेली रक्कम सोडवायला साधारणपणे न्यायालयाचा आदेश लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा, पोलिसांचं म्हणणं मागवलं जातं, मग आदेश होतो आणि त्याची प्रत बँकेला जाते. कोणत्या बँकेत किती अडकलेत ते पोर्टलवरच्या तक्रारीच्या स्थितीत किंवा तपास अधिकाऱ्याकडे कळतं. काकांनी तासगावच्या कोर्टात चार तारखा केल्या.

या काळात एक फोन नक्की येतो. "तुमची सायबर तक्रार आमच्याकडे आलीय, रक्कम मंजूर झाली, पाच टक्के प्रोसेसिंग भरा." जखमेवर बसणारी ही माशी. कोर्ट आणि पोलिस पैसे परत करायला पैसे मागत नाहीत.

व्हिडिओ कॉलवरचा पोलिस

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या घरांसाठी हे वेगळं सांगतो. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात पोरं देशभर पांगलेली, गावात म्हातारी माणसं, आणि घरात सोन्या-चांदीच्या व्यवहारामुळे बऱ्यापैकी पैसा. "तुमच्या मुलाला पकडलंय" हा फोन इथे चटकन खरा वाटतो. समोर वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, "कॅमेरा बंद केला तर अटक". भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं.

आई-वडिलांना नियम शिकवण्यापेक्षा एक शब्द ठरवून ठेवा. गोठ्यातल्या म्हशीचं नाव, काहीही. पोराच्या नावाने फोन आला की तो शब्द विचारायचा. आमच्या घरात तो आहे आणि तो मी इथे लिहिणार नाही.

तुमचं काही गेलं नाही, पण खातं गोठलं

ही तक्रार दुकानदारांत वाढतेय. गिऱ्हाईक येतं, चार हजारांचा माल घेतं, यूपीआय करतं. आठवड्याने खातं बंद. तो पैसा कुठल्यातरी राज्यात फसलेल्या माणसाचा होता आणि निरोप फिरत तुमच्यापर्यंत आला.

बँकेवर ओरडून उपयोग नाही. लेखी विचारा: कोणत्या राज्याच्या कोणत्या पोलिस ठाण्याने, कोणत्या पोच क्रमांकावर, किती रक्कम रोखली? मग त्या ठाण्याला ईमेल करा. सोबत त्या विक्रीचं बिल, जीएसटी किंवा दुकान परवाना, सहा महिन्यांचा खातेउतारा. सगळं खातं न रोखता वादातली चार हजारांची रक्कमच रोखून ठेवा, अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा. बिल नसेल तर मात्र फार कठीण जातं, तेव्हा ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाचं कच्चं का होईना पण बिल फाडा आणि त्यावर मोबाइल नंबर घ्या.

आज संध्याकाळी अर्ध्या तासात करण्यासारखं

यूपीआयच्या खात्यात फक्त घरखर्चापुरते पैसे ठेवा. उसाचं बिल जिथे येतं त्या खात्याला यूपीआय जोडूच नका.

आधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करा. ठशावर पैसे काढून देणाऱ्या यंत्राचा गैरवापर टळतो. रेशनच्या वेळी तात्पुरतं उघडता येतं.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. नको ती तिथेच कळवता येतात. संशयास्पद फोन-मेसेज कळवायला त्याच पोर्टलवर 'चक्षू' आहे.

आणि घरात कॉलेजला जाणारा मुलगा असेल तर त्याला एक प्रश्न विचारा: कोणी तुझं खातं किंवा सिम वापरायला मागितलंय का? सांगली-मिरजेच्या कट्ट्यांवर चार-पाच हजारांत खातं 'भाड्याने' मागणारे फिरतात. काकांचे पैसे पहिल्यांदा ज्या खात्यात गेले ते अशाच कुठल्यातरी पोराच्या नावावर असणार. पोलिस आधी त्याच्याच दारात जातात. दिलं असेल तर उद्या सकाळी त्याला घेऊन बँकेत जा, खातं आणि कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, शिक्का घ्या, आणि तिथूनच वकिलाला घेऊन पोलिस ठाण्यात जा. त्या खात्यात आलेले पैसे काढू नका आणि कोणाला परत पाठवूही नका.